गिअरबॉक्स बदलण्याआधी उजवं चाक उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बावधनची सोसायटी, उतारावरची मोठी हिरवळ आणि चार वर्षं वापरलेलं, मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेलं पेट्रोलचं लॉन मोअर. इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू होतं, गवत व्यवस्थित कापलं जातं. पण ड्राइव्हचा लिव्हर दाबला की मशीन सपाटीवर कसंबसं पुढे जातं आणि चढावर जागीच थांबतं. तेव्हा डावं चाक गवतात घसरून खड्डा पाडतं आणि उजव्या चाकातून ‘कट-कट’ आवाज येतो. गणपतीनंतर हे फारच वाढलं. एका मेकॅनिकनं मशीन न उघडताच ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सांगितलं, आणि त्याचा खर्च मशीनच्या निम्म्या किमतीएवढा होतोय. तोवर साठी ओलांडलेले माळीकाका ते धूड अंगाच्या जोरावर ढकलताहेत.

गिअरबॉक्सची ऑर्डर अजिबात देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. या मशीनमध्ये गिअरबॉक्समधून एकच अ‍ॅक्सल (चाकांचा आडवा दांडा) आरपार जातो आणि तोच दोन्ही चाकांना फिरवतो. डावं चाक घसरून खड्डा पाडण्याइतकं जोरात फिरतंय, म्हणजे अ‍ॅक्सल फिरतोय. अ‍ॅक्सल फिरतोय म्हणजे गिअरबॉक्स काम करतोय, बेल्ट ओढतोय आणि केबलही खेचतेय. ताकद अ‍ॅक्सलच्या उजव्या टोकापर्यंत पोचतेय, फक्त तिथून चाकात उतरत नाहीये. दोष त्या शेवटच्या दोन इंचांत आहे.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात ही मशीनं दुरुस्त करतोय. ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून माझ्याकडे आलेल्या मशीनपैकी बहुतेकांचा गिअरबॉक्स शाबूत निघाला. म्हणून तुमच्या उजव्या चाकावर न थांबता सगळंच सविस्तर लिहितो. पुढच्या पावसाळ्यात तक्रार वेगळी असेल आणि तेव्हाही कुणीतरी गिअरबॉक्सवरच बोट ठेवेल.

आधी ताकदीचा रस्ता समजून घ्या. इंजिनाचा दांडा खाली उतरतो. त्याच्या टोकाला ब्लेड असतं आणि ब्लेडच्या वर एक छोटी पुली. तिच्यावरून व्ही-बेल्ट मागे गिअरबॉक्सच्या पुलीवर जातो. गिअरबॉक्स ती गती कमी करून अ‍ॅक्सलला देतो. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना छोटे पिनियन, म्हणजे दात्यांची लहान चक्रं, असतात आणि पिनियन चाकाच्या आतल्या गोल दात्यांमध्ये फिरून चाकाला ढकलतात. इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं. तासाला साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीनं जायचं, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला मिनिटाला १२०च्या आसपास फेरे पुरतात. वेग पंचवीस पटीनं कमी होतो, तसा जोर वाढतो. हा वाढलेला सगळा जोर शेवटी पिनियनच्या आणि चाकाच्या एक-दोन दात्यांवर येतो, आणि चाकाचे दाते बहुधा प्लास्टिकचे असतात. जमिनीला लागून असल्यामुळे चिखल-मातीही सगळ्यात आधी तिथेच शिरते. म्हणून झीजही तिथेच आधी होते.

हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर वर्षी कुणीतरी बोटाला पट्टी बांधून येतो. इंजिन बंद असलं तरी ब्लेड हातानं फिरवताना ते एखादा ठोका घेऊ शकतं. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की चालवणाऱ्यानं दांड्यावरचा लिव्हर सोडला की ३ सेकंदांत ब्लेड थांबलं पाहिजे. तुमच्या दांड्यावरच्या दोन लिव्हरपैकी ब्लेडचा किंवा इंजिनाचा लिव्हर त्यासाठीच असतो, दुसरा ड्राइव्हचा. ब्लेडचा लिव्हर दोरीनं बांधून ठेवलेली मशीनं मी सोसायट्यांमध्ये पाहिली आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर ती दोरी आजच कापा. मशीन आडवं करायचं असेल तर पेट्रोल काढून घ्या आणि एअर फिल्टर-कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असंच कलंडवा. उलट्या बाजूला कलंडवलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं, कधी बेल्टवरही उतरतं, आणि एक दुरुस्ती करताना दुसरी उभी राहते. कलंडवलेल्या मशीनचं इंजिन कुठल्याही कारणासाठी चालू करायचं नाही.

आता परीक्षा. हिला पाना लागत नाही. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, मशीन सपाट फरशीवर. ड्राइव्हचा लिव्हर दाबून धरा आणि मशीन स्वतःकडे, म्हणजे मागे ओढा. सगळं ठीक असेल तर मागची दोन्ही चाकं अडतात आणि फरशीवर घासत येतात. मागे ओढल्यावर चाक पिनियनला धरतं, पिनियन अ‍ॅक्सलला, आणि गिअरबॉक्समधला वर्म (स्क्रूसारखा गिअर) उलट्या दिशेनं फिरायला तयार नसतो. एक चाक अडलं आणि दुसरं सहज फिरलं, तर दोष फिरणाऱ्या चाकाच्या आत आहे. तुमचं उजवं चाक असं फिरेल, अशी माझी खात्री आहे. दोन्ही अडली आणि तरीही मशीन चालत नसेल, तर गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत सगळं चांगलं आहे, बेल्टकडे वळा. दोन्ही मोकळी फिरली, तर आधी केबल बघा, आणि केबल चांगली निघाली तरच गिअरबॉक्सवर संशय घ्या.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यापायी लोक उगाच घाबरतात. इंजिन बंद असताना मशीन पुढे ढकललं की चाकातून बारीक ‘टिक-टिक’ येते. ती निरोगी आहे. सायकल पॅडल न मारता सोडली की फ्रीव्हील वाजतं, तसाच हा आवाज. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त पल्ला असतो, त्याला पुढे निसटता यावं म्हणून ही सोय असते. घाबरायचं ते जोर लागल्यावर येणाऱ्या ठोकेदार ‘कट-कट’ला. तो दाता दात्यावरून उडी मारल्याचा आवाज असतो. तसंच, कापणी थांबवून मशीन मागे घेताना चाकं अडली तर हिसके देऊ नका. आधी मशीन पुढे दोन-तीन सेंटिमीटर सरकवा, पकड सुटते, मग मागे घ्या. माळीकाकांना हे आवर्जून सांगा. अडलेलं मशीन जोरानं मागे खेचल्यानंच पुष्कळ दाते तुटतात.

आता तुमचं उजवं चाक. मागची बाजू लाकडाच्या ठोकळ्यावर घ्या. चाकाची टोपी काढा, मधला नट किंवा बोल्ट काढा. वायसर कुठल्या क्रमानं निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाक बाहेर ओढलं की आत एक पातळ कव्हर असतं, आणि त्याच्या मागे काळं, घट्ट बसलेलं काहीतरी दिसेल. तुमच्याकडची काळी माती आणि कापलेलं गवत चार पावसाळे एकत्र दाबलं गेलं की त्याची ढेप होते. सुरीनं खरवडावी लागते. लग्नाच्या लॉनवरच्या मशीनमध्ये याच जागी जरीच्या फिती, हारांचा दोरा आणि सजावटीची तार निघते. एकदा अ‍ॅक्सलभोवती इतका दोरा गुंडाळला गेला होता की चाक बोटभर बाहेर सरकलं होतं आणि दाते अर्धेच एकमेकांत बसत होते. मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. दोरा कापला आणि ते मशीन चालू लागलं.

खरवडून झाल्यावर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन दाते धुवा, कोरडे करा आणि उजेडात धरा. चांगल्या दात्याचा माथा रुंद असतो आणि दोन्ही उतार सारखे असतात. झिजलेला दाता करवतीच्या दात्यासारखा टोकदार होतो आणि एका बाजूला कललेला दिसतो. बोट फिरवलं की एका दिशेला टोचतो. पूर्ण गोल तपासा, कारण कधी कधी ओळीनं तीनच दाते तुटलेले असतात. मग मशीन ठरावीक अंतरानं एक हिसका देतं आणि पुढे जातं. चाक हातात असतानाच त्याचं बुश किंवा बेअरिंगही बघा. चाक परत बसवून वरून-खालून धरून हलवलं तर डुगडुगतं का? डुगडुगत असेल तर नुसते दाते बदलून उपयोग नाही. चाक कलतं, दाते फक्त कडेवर टेकतात, आणि नवा पिनियन एका हंगामात जुन्यासारखा होतो.

आता पिनियन. त्याला अडकवणारी ई-क्लिप किंवा सर्कलिप (खाचेत बसणारी छोटी स्प्रिंगची कडी) काढताना दुसऱ्या हातानं फडकं धरा. उडाली तर गवतात सापडत नाही. पिनियन हळूच सरकवा, कारण त्याच्या आत, अ‍ॅक्सलच्या आडव्या खाचेत, सुपारीच्या खांडाएवढी एक चपटी किल्ली असते. ती निसटून पडायची. मशीनच्या ड्राइव्हमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्री (आतले छोटे खटके) जे काम करतात तेच ही करते: एका दिशेला पिनियनला धरते, दुसऱ्या दिशेला सोडून देते. हिच्या कडा चौकोनी आणि धारदार हव्यात. कडा गोल झाल्या असतील तर जोर लागला की ती पिनियनच्या आतल्या खाचेतून निसटते, पुन्हा धरते, पुन्हा निसटते. तोही ‘कट-कट’च आवाज. म्हणजे तुमच्याकडे मुख्य दोन शक्यता उरतात: दाते उडी मारताहेत किंवा किल्ली निसटतेय. चाक उघडल्यावर कुठलं ते डोळ्यांनी दिसतं.

तिसरी शक्यता सगळ्यात स्वस्त. कुणीतरी प्रेमानं पिनियनमध्ये भरपूर ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस मातीला धरतं, वाळतं, घट्ट होतं आणि किल्ली खाचेत चिकटून बसते. ती बाहेर येतच नाही, मग धरणार कशी? सगळं धुऊन, पातळ ऑइलचे दोन थेंब किल्लीवर सोडून परत बसवलं की काम होतं. उघड्या दात्यांना तर ग्रीस अजिबात लावायचं नाही. ग्रीस आणि मुरुमाची बारीक खर एकत्र आली की पॉलिश पेपर तयार होतो.

आता या सगळ्यात मोठी चूक कुठे होते ते सांगतो, कारण तिच्यात एका माणसाचे मी डोळ्यांदेखत पैसे जाताना पाहिले आहेत. म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनचं मशीन माझ्याकडे आलं. इंजिन उत्तम, पण मशीन तसूभर पुढे जात नव्हतं. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी नवा बेल्ट, नवी केबल आणि शेवटी नवा गिअरबॉक्स टाकून झाला होता. मी मशीन हातानं पुढे ढकललं तर चाकं अडली. मागे ओढलं तर टिक-टिक करत मोकळी फिरली. सगळं उलटं. पहिल्यांदा चाकं साफ करायला उघडली तेव्हा डावा पिनियन उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता, बाकी काही नाही. या पिनियनना दिशा असते. पुष्कळांवर आत बारीक अक्षरात ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, पण माती बसल्यावर ते दिसत नाही. पिनियन अदलाबदल करून बसवले आणि दहा मिनिटांत मशीन अंगणात चालायला लागलं. तो माणूस लहान ठेकेदार होता. गिअरबॉक्सचे पैसे त्यानं हप्त्यानं दिले होते. तेव्हापासून मी कुणालाही दोन्ही बाजूंचे पिनियन एकाच वेळी काढू देत नाही. एक उघडा, साफ करा, बसवा, मग दुसरं.

पिनियनची अदलाबदल चालत नाही, पण चाकांची कधी कधी चालते, आणि हा उपाय तुमच्या कामाचा आहे. दोन्ही मागची चाकं हुबेहूब सारखी असतील, म्हणजे पार्ट नंबर एकच असेल, तर उजवं चाक डावीकडे आणि डावं उजवीकडे लावून बघा. चाक बाजू बदलतं तेव्हा त्याच्या दात्याची आजवर न वापरलेली बाजू जोर घेऊ लागते. झिजलेली बाजू मागे जाते. हा कायमचा इलाज नाही, पण नवीन चाक येईपर्यंत एखादा महिना सहज निघतो, आणि माळीकाकांना ढकलावं लागत नाही. किल्ली गोल झाली असेल तर मात्र याचा उपयोग होणार नाही.

नवीन भाग घेताना चाक आणि पिनियन दोन्ही झिजले असतील तर जोडीनं बदला. झिजलेल्या चाकावर नवा पिनियन लावणं म्हणजे त्याला लगेच झिजवणं.

केबलचं आता. तुमची केबल सध्या काम करतेय, पण चार वर्षांची आहे. केबल ढिली झाली की दोन्ही चाकं सारखीच मंदावतात. कट-कट नाही, काही नाही, नुसता जोर कमी. ओळखायची खूण: लिव्हर दांड्याला अगदी चिकटवून दाबला की मशीन थोडं बरं चालतं. माणसं मग तसंच दाबून चालवतात आणि तासाभरात बोटं भरून येतात. केबल ताणायची सोय दांड्याजवळ किंवा गिअरबॉक्सजवळ असते, चुडीवर फिरणारा एक छोटा नट. अर्धा अर्धा फेरा ताणा आणि प्रत्येक वेळी बघा. लिव्हर सोडलेला असताना मशीन मागेपुढे सहज हललं पाहिजे, आणि लिव्हर दाबायला लागल्यावर पहिल्या एक-तृतीयांशात पकड सुरू झाली पाहिजे. जास्त ताणलं तर लिव्हर सोडल्यावरही मशीन सरकत राहतं. ते धोक्याचं आहे, आणि बेल्टही सतत घासून जळतो.

पावसाळ्यात केबलचा खरा शत्रू गंज. पाणी वरच्या टोकातून आत उतरतं, बाहेरच्या नळीत तार गंजते, आणि लिव्हर दाबला तरी खाली तार पूर्ण खेचली जात नाही. किंवा उलटं, लिव्हर सोडला तरी तार परत येत नाही. दोन्ही टोकं सोडवून तार हातानं मागेपुढे करा. अडखळत असेल तर वरच्या टोकातून पातळ ऑइल सोडा, खालून थेंब बाहेर येईपर्यंत. तारेचे एक-दोन पदर तुटलेले दिसले तर ऑइलचा खेळ थांबवा आणि केबल बदला. मूळ केबल मिळत नसेल तर अडून बसू नका. नाना पेठेत दुचाकीच्या केबली विकणारी दुकानं आहेत. जुनी केबल सोबत न्या. बाहेरची नळी, आतली तार आणि दोन्ही टोकांची बोंडं जुळवून केबल बनवून देणारे कारागीर तिथे विचारलं की सापडतात. आतल्या तारेची आणि बाहेरच्या नळीची लांबी, या दोन्ही मापांमधला फरक जुन्या केबलइतकाच ठेवायला सांगा. तो चुकला की नटावर ताण पुरत नाही.

बेल्ट घसरतो तेव्हा सुरुवातीला मशीन ठीक चालतं, दहा-पंधरा मिनिटांनी मंदावतं, आणि जळक्या रबराचा वास येतो. ओल्या गवतात आणखी लवकर. श्रावणात सर आली आणि उघडीप झाली की माणसं लगेच मशीन बाहेर काढतात. ते ओलं गवत बेल्टच्या कव्हरखाली जाऊन पुलीच्या खाचेत दाबून बसतं, आणि बेल्ट खाचेत उतरण्याऐवजी गवताच्या गादीवर फिरतो. पुष्कळ मशीनमध्ये गिअरबॉक्स अ‍ॅक्सलवर थोडा मागे झुकतो आणि त्यातूनच बेल्टला ताण मिळतो. गवत भरलं की त्याला झुकायला जागाच राहत नाही. म्हणून बेल्ट बदलण्याआधी कव्हर काढून गवत काढा, गिअरबॉक्स हातानं मागेपुढे हलतो का बघा, आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे का तेही बघा. कव्हर तुटून पडलं असेल तर ते आधी लावा. ते शोभेसाठी नसतं.

व्ही-बेल्ट बाजूंनी ओढतो, तळानं नाही. त्याचा तळ चकचकीत झाला असेल तर बेल्ट झिजून खाचेच्या बुडाला टेकतोय. बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो घसरून भाजलाय. ऑइल लागलेलं दिसलं तर नवा बेल्ट टाकण्याआधी ऑइल कुठून आलं ते शोधा. मशीन उलट्या बाजूला कलंडवलं होतं का, की इंजिनाच्या खालचा ऑइल सील गळतोय? सील गळत असेल तर नवा बेल्टही महिन्याभरात तसाच होईल.

बेल्ट घेताना त्याच्या पाठीवरचा नंबर वाचा. पुसला असेल तर बाहेरून सुतळीनं घेर मोजा आणि वरची रुंदी मोजा. दुकानात ‘ए’ सेक्शन म्हणतात तो १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड. त्याहून बारीक ‘झेड’ सेक्शन १० बाय ६ चा. मोअरमध्ये दोन्हीच्या जवळपासचे बेल्ट दिसतात, पण अंदाजानं घेऊ नका. मापानं बसणारा साधा कारखान्यातला बेल्ट लावला तर काही आठवडे चालतो. पण मोअरमध्ये बेल्ट दर फेरीला ढिला पडतो आणि पुन्हा ताणला जातो. हे साध्या बेल्टला झेपत नाही. अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा, बागकामाच्या मशीनसाठी बनवलेला बेल्ट मागा. थोडा महाग असतो, पण दोन-तीन हंगाम जातो.

बेल्ट बदलायला बहुतेक मशीनमध्ये ब्लेड काढावं लागतं. जाड हातमोजे घाला, ब्लेड आणि डेकच्या (ब्लेडवरच्या कवचाच्या) मध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, आणि परत बसवताना बोल्ट मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनं, टॉर्क पान्यानंच आवळा. ब्लेडनं कधी दगड किंवा पाण्याच्या पाइपचं टोक ठोकलं असेल तर ब्लेडच्या वरची पुली आणि तिची किल्लीही नीट बघा.

मग गिअरबॉक्स खराब कधी म्हणायचा? मी अशी खात्री करतो. मागची चाकं ठोकळ्यावर, डेक जमिनीवर टेकलेला, स्पार्क प्लग पूर्ण काढलेला, पेट्रोल बंद. चाकांवर खडूनं खूण. एकानं दोन्ही लिव्हर दाबून धरायचे, दुसऱ्यानं स्टार्टरची दोरी सावकाश ओढायची. हात बेल्टपासून आणि ब्लेडपासून लांब. प्लग नसल्यामुळे दोरी हलकी जाते. एका ओढीत चाक पाव फेराही फिरत नाही, पण खडूची खूण सरकलेली स्पष्ट दिसते. गिअरबॉक्सची पुली फिरतेय, केबल पूर्ण खेचलेली आहे, पुली तिच्या दांड्यावर मोकळी नाही, पिन तुटलेली नाही, आणि तरीही अ‍ॅक्सल हलत नाही, किंवा आतून खरडल्याचा आवाज येतो: तेव्हाच गिअरबॉक्स गेला. यातली एकही गोष्ट तपासायची राहिली असेल तर निर्णय घेऊ नका. गिअरबॉक्सची केबल जिथे अडकते तो छोटा हात आधी स्वतः बोटानं पूर्ण ओढून बघा. पुष्कळदा हातानं ओढल्यावर पकड येते, म्हणजे गिअरबॉक्स चांगला आणि केबल ढिली.

तुमच्या उताराबद्दल. डावं चाक घसरण्याचं दुसरं कारण टायरही असू शकतो. चार वर्षांत रबराची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर सगळा ड्राइव्ह चांगला असूनही चाक ओल्या गवतावर फिरत राहतं. उतारावर मशीन वर-खाली न नेता आडवं चालवा, आणि गवत फार वाढलं असेल तर पहिल्या फेरीत कापणीची उंची वाढवून घ्या. पाऊस उघडल्यावर निदान अर्धा दिवस थांबा. वळताना लिव्हर सोडायचा, मशीन फिरवायचं, मग परत दाबायचा. लिव्हर दाबून जबरदस्तीनं वळवलं की दोन्ही किल्ल्यांवर आणि दात्यांवर एकदम ताण येतो.

आणि मशीन धुण्याची पद्धत. सोसायट्यांमध्ये गाड्या धुवायच्या जोरदार फवाऱ्यानं मोअर धुतात. माती बाहेर यायच्या ऐवजी चाकाच्या कव्हरमधून पाण्यासोबत आत जाते. तुमच्या उजव्या चाकात जी ढेप निघेल तिचा बराच भाग तसाच आत गेला असेल, असं मला वाटतं. नुसत्या ब्रशनं आणि काठीनं खरवडा. पाणी घ्यायचंच तर डेकच्या आतून, कमी जोरानं, आणि मागच्या चाकांकडे नाही.

काम सुरू करण्याआधी माळीकाकांना शेजारी बसवून विचारा: आवाज पहिल्यांदा कधी आला, मशीन कुठे अडकलं होतं का, मध्ये कुणी चाकं काढली होती का? दांडा त्यांच्या हातात असतो. कुठल्या चाकानं आधी साथ सोडली ते त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

उजवं चाक उघडलं की दात्यांचा एक आणि किल्लीचा एक असे दोन फोटो उजेडात काढून मला पाठवा. मशीनच्या पाटीवरचा मॉडेल नंबरही कळवा, म्हणजे चाक दोन्ही बाजूंना सारखं आहे की नाही ते सांगता येईल. दोन्ही चाकांचा पार्ट नंबर एकच दिसला तर तोवर चाकं आलटून-पालटून काम चालवा, आणि उजवा पिनियन काढून ठेवावा लागला तर तो ‘उजवा’ लिहिलेल्या कागदात गुंडाळून ठेवा.